जुनं चेनसॉ मशीन घेताना

आपल्या खातेदारांत बागायतदार आहेत, लाकूडतोडीची कामं घेणारे आहेत. हंगाम आला की अनेक जण साठवलेले पैसे काढून जुनं चेनसॉ मशीन घेतात. ते जरूर घ्या, पण आधी मशीन तपासा आणि मग हिशोब करा.

बघायला जाल तेव्हा इंजिनाला हात लावा. ते गार असलं पाहिजे. गरम इंजिन पटकन सुरू होतं आणि दोष झाकले जातात. मग स्विच बंद ठेवून स्टार्टरची दोरी हळू ओढा. दोरीला चांगला अटकाव जाणवला पाहिजे. ती सहज सरकत आली तर कॉम्प्रेशन गेलेलं असू शकतं. शक्य असेल तर मेकॅनिककडून सायलेन्सर उघडून घ्या. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले, तर बहुतेक कमी ऑइलच्या पेट्रोलवर मशीन चालवलेलं आहे.

आता ते सुरू करायला सांगा. रेस सोडल्यावर चेन थांबली पाहिजे. चेन ब्रेक लागलाच पाहिजे. त्यात तडजोड नको, तिथे जिवाचा प्रश्न आहे. बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिली, की तेलाची रेघ उमटली पाहिजे.

पेट्रोलचे नळ कडक झाले असतील, कार्बोरेटरचा पडदा गेला असेल, तर घाबरू नका. हा खर्च लहान असतो. पिस्टन-सिलिंडरचा खर्च मोठा. आणि त्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात का, हे विकणाऱ्याला नको, दुकानदाराला विचारा.

आता हिशोब. समजा, मागणी ९,००० रुपये आहे. बार, चेन आणि स्प्रॉकेटला ३,००० आणि किरकोळ दुरुस्तीला १,००० लागतील. म्हणजे खरी किंमत १३,०००. पिस्टन-सिलिंडरचे ६,००० वाढले, तर ती १९,००० होते. नवं मशीन वॉरंटीसह २४,००० ला मिळत असेल, तर हा सौदा सोडा.

भाड्याचाही विचार करा. दिवसाचं भाडं ४०० धरलं, तर १३,००० वसूल व्हायला ३३ दिवस काम हवं. वर्षात दहाच दिवस काम असेल, तर तीन वर्षांहून जास्त लागतील. तेवढं ते टिकेल का?

मशीन न बघता मोबाइलवरून आगाऊ रक्कम पाठवू नका. मूळ बिल मागा, त्यावरचा आणि मशीनवरचा नंबर जुळवा. पैसे खात्यातून द्या, पावती घ्या. बिल नसेल तर मशीन चोरीचं असण्याचा धोका आहे, आणि कर्जासाठीही अडचण येते. व्यवसायासाठी कर्ज हवं असेल, तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतची सोय आहे. शाखेत येऊन विचारा.

आणि अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव यासाठी मोडू नका. मशीन बंद पडलं, तर दुरुस्तीला पैसे तिथूनच लागणार आहेत.