रोवणीआधी रोटाव्हेटरचे बेअरिंग आणि शाफ्ट तपासा

(शेतीविषयक रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आपला सिहोऱ्याचा भाग धानाचा. चांदपूर तलावाचे पाणी सुटले किंवा पावसाने बांध्या भरल्या, की सगळ्यांची चिखलणी एकदमच निघते. पऱ्हे वीस-पंचवीस दिवसांचे झाले म्हणजे रोवणी थांबवून चालत नाही. नेमक्या अशा वेळी रोटाव्हेटर खडखड करायला लागतो, आणि मालक म्हणतो, ‘आजचा दिवस निघू द्या, उद्या पाहू.’ त्या एका दिवसात बेअरिंगबरोबर शाफ्टही जातो. मग यंत्र तुमसरच्या लेथवर, रोवणाऱ्या बाया धुऱ्यावर बसलेल्या, आणि पऱ्हे जागच्या जागी वाढत राहतात.

म्हणून आजचा विषय एवढाच : रोटाव्हेटरचा फिरता शाफ्ट का झिजतो, झीज कशी ओळखायची, आणि दुरुस्ती टिकाऊ कशी करायची.

बिघाड कुठून सुरू होतो?

पाती लावलेला आडवा रोटर दोन टोकांना टेकलेला असतो. एका टोकाला चेन किंवा गिअरची पेटी असते. तिच्यातून रोटर फिरतो. दुसऱ्या टोकाला बाजूच्या पत्र्यावर आखूड शाफ्ट आणि बेअरिंग असते. दोन्ही टोकांना रबरी ओठाचे ऑईल सील असते. त्याचे काम दुहेरी : आतले तेल-ग्रीस आत ठेवायचे, बाहेरचा चिखल बाहेर ठेवायचा.

कोरड्या रानात हे सील बरेच दिवस टिकते. बांधीत मात्र ते चिखलात बुडूनच फिरते. त्यात धानाची तणस, नायलॉनची दोरी, तारेचा तुकडा शाफ्टला गुंडाळला गेला की सीलचा ओठ कापला जातो. आणखी एक गोष्ट बघा. काम करून तापलेले बेअरिंग एकदम थंड पाण्यात गेले, तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग ग्रीस धुऊन जाते, बारीक रेती आत शिरते, गोळ्या आणि कड्या खरडल्या जातात. शेवटी बेअरिंगची आतली कडी शाफ्टवरच घसरू लागते आणि शाफ्ट खाल्ला जातो.

क्रम लक्षात ठेवा : आधी सील, मग बेअरिंग, मग शाफ्ट. या तिघांत सील सगळ्यात स्वस्त, आणि तेच आपण सगळ्यात उशिरा बदलतो.

तपासणी अशी करा

ट्रॅक्टरचे इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. पी.टी.ओ. सोडवा. रोटाव्हेटर उचलून खाली लाकडी ठोकळे द्या. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका.

१. रोटर दोन्ही हातांनी वर-खाली हलवा. टोकाशी खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा शाफ्ट झिजला आहे.

२. रोटर हाताने सावकाश फिरवा. खरखर लागली, मध्येच अडकला, तर बेअरिंग गेले असे समजा.

३. सीलभोवती पाहा. मातकट ग्रीस बाहेर आले असेल तर सील फाटले आहे.

४. चेनपेटीतले तेल पाहा. ते दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. नुसते वरून तेल भरू नका. सगळे काढा, सील बदला, मग नवे भरा.

५. काम थांबवून इंजिन बंद केल्यावर बेअरिंगच्या घरावर हात ठेवून पाहा. रोजच्यापेक्षा जास्त तापले असेल, हात टिकत नसेल, तर पुढचे काम थांबवा.

बेअरिंग बदलताना

जुने बेअरिंग छिन्नी-हातोड्याने फोडून काढू नका, पुलर वापरा. दुकानात जाताना जुने बेअरिंग सोबत न्या आणि कडीवर कोरलेला पूर्ण आकडा मिळवा. उदाहरणार्थ ६२०८ आणि ६३०८. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतले भोक निघते. आठ पंचे चाळीस, म्हणजे दोन्हींचे भोक ४० मिलिमीटर. पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ८० आणि दुसऱ्याचा ९०. म्हणून ‘चाळीसचं बेअरिंग द्या’ एवढे सांगून भागत नाही.

बसवताना ज्या कडीची घट्ट बैठक असेल तिच्यावरच ठोका द्या. शाफ्टवर बसवताना आतल्या कडीच्या मापाचा पाईपचा तुकडा ठेवून सरळ ठोका. बाहेरच्या कडीवर मारले तर मार गोळ्यांवर बसतो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते.

सील काढण्याआधी त्याचा ओठ कोणत्या बाजूला होता ते पाहून ठेवा. नवे तसेच बसवा, ओठाला थोडे ग्रीस लावा. सील घासते त्या जागी शाफ्टवर खाच पडली असेल तर नवे सीलही गळणार. तिथे बारीक स्लीव्ह चढवून घ्या.

शाफ्ट झिजला असेल तर

नवे बेअरिंग नुसत्या बोटांनी शाफ्टवर सरकत गेले, तर शाफ्ट झिजला आहे. आता गावात यावर दोन तोडगे चालतात. एक म्हणजे पंचाने शाफ्टवर टोचे मारायचे, दुसरा म्हणजे पत्र्याची पट्टी घालायची. अडल्या वेळी यावर एखादा दिवस निघेलही. पण टोच्यांची टोके लवकर घासतात, पट्टी सरकते, बेअरिंग तिरपे बसते, आणि नव्या बेअरिंगचे पैसे चिखलात जातात.

खरा उपाय लेथवर आहे. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भर घ्यायचा आणि खरादून मापावर आणायचे. लेथवाल्याला तीन गोष्टी सांगा. पहिली : भर समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने द्यावा, म्हणजे शाफ्ट वाकत नाही. दुसरी : तापलेल्या शाफ्टवर पाणी ओतू नये, राखेत किंवा कोरड्या रेतीत सावकाश थंड होऊ द्यावा. पाण्याने तो कडक होऊन तडकतो. तिसरी : पायरीच्या कोपऱ्यात थोडी गोलाई ठेवावी, कारण तडा धारदार कोपऱ्यातूनच सुरू होतो. माप घेण्यासाठी नवे बेअरिंग त्याच्या हाती द्या. घरच रुंदावले असेल, बाहेरची कडी त्यात फिरत असेल, तर घर बोअर करून बुश बसवून घ्या. शाफ्टला तडा दिसला तर मात्र भर देत बसू नका, शाफ्ट बदला.

आणि हो, रोटाव्हेटरवर कुठेही वेल्डिंग करताना अर्थची पकड वेल्डिंगच्या अगदी जवळ, त्याच भागावर लावा. करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर डाग पडतात आणि चांगले बेअरिंग थोड्याच दिवसांत आवाज करू लागते.

पात्यांकडेही लक्ष द्या

एखादे पाते तुटले, बोल्ट पडला, किंवा एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला झिजलेली पाती लावली, तर रोटर थरथरतो. ती थरथर बेअरिंग सोसते. पाती समतोल राहतील अशी बदला आणि बोल्ट रोज आवळा.

रोजची निगा

काम संपले की इंजिन बंद करून शाफ्टला गुंडाळलेली तणस, दोरी कापून काढा. बेअरिंग थोडे निवू द्या, मगच धुवा, आणि पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारू नका. निप्पल पुसून दोन-तीन पंप ग्रीस द्या. जास्त जोर केला तर सीलच बाहेर ढकलले जाते.

शेवटी जिवाची गोष्ट. पी.टी.ओ. मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दुपट्टा अडकला तर सोडवायला वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे झाकण काढून काम करू नका, आणि चालत्या यंत्राजवळ लेकरांना येऊ देऊ नका.

खरिपासाठी मे महिन्यात आणि उन्हाळी धानासाठी डिसेंबरात रोटर एकदा हलवून पाहा. खेळ दिसला तर तेव्हाच लेथ गाठा. त्या वेळी लेथवाल्याला सवड असते आणि तुमचे पऱ्हेही वाफ्यात वाट पाहत नसतात. अडचण आली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.