सर्वांत मागची सायकल



लांब पल्ल्याच्या सामुदायिक सायकल-प्रवासावर दहा मिनिटे बोलावे, अशी आकाशवाणीची आज्ञा झाली तेव्हा आज्ञा करणाऱ्यांच्या मनात बहुधा निसर्गशोभा, आरोग्य आणि इंधनाची बचत हे विषय असावेत. परंतु या तिन्ही गोष्टी आपणांस माझ्याइतक्याच ठाऊक आहेत, आणि ज्या एका गोष्टीकडे कोणाचेच पुरेसे लक्ष नाही अशी माझी समजूत आहे, तिच्यासाठी ही दहा मिनिटे मुळातच अपुरी आहेत, म्हणून मी एकदम तिलाच हात घालतो. ती गोष्ट म्हणजे तांड्यातली सर्वांत मागची सायकल.

रविवारी पहाटे, मालमोटारींची वर्दळ वाढावयाच्या आत, आमच्या भिवंडीच्या रांजनोली नाक्यावरून पडघा-शहापूरच्या दिशेने तरुणांचे जथे सायकलींवरून जाताना दिसतात, आणि ते पाहून, आता सायकल हाती धरून चालण्यापुरतीच वापरणाऱ्या माझ्यासारख्या म्हाताऱ्यासही संतोष होतो. कारण गोदामांनी आणि कंटेनरगाड्यांनी वेढलेल्या या गावात स्वतःच्या पायांच्या बळावर कसाऱ्यापर्यंत जावे असे कोणास तरी वाटते, हे सामान्य नव्हे. पण नाक्यावर एकसंध असलेला जथा पडघ्यास पोहोचेपर्यंत तीन ठिकाणी तुटलेला असतो, आणि टपरीवर चहा घेत बसलेल्या पहिल्या तुकडीस, 'अरे, तुमच्यातला तो चष्मेवाला मुलगा कोठे राहिला?' असे विचारावे, तर 'येईल मागून, काका' एवढे उत्तर मिळते. माझा सारा रोष या 'येईल मागून'वर आहे.

मागे पडणे म्हणजे काय हे सायकल चालविणाऱ्यास सांगावयास नको. तथापि त्यातील अन्याय बहुधा ध्यानात येत नाही. पुढच्या चाकाच्या लगत चालणाऱ्यास पुढच्याच्या पाठीचा आडोसा मिळतो आणि वाऱ्याशी झुंजण्याचे त्याचे श्रम बरेच कमी होतात. पण मध्ये दहा-पंधरा हातांचे अंतर पडले की तो आडोसा सरतो, आणि जो आधीच थकलेला आहे त्यालाच सगळा वारा एकट्याने छातीवर घ्यावा लागतो. बरे, पुढचे लोक टपरीवर बसतात, पाय पसरतात, दुसरा चहा मागवितात. आणि हा धापा टाकीत येऊन सायकल टेकवितो न टेकवितो तोच 'चला, आले सगळे' म्हणून कूच होते. म्हणजे ज्यास विसाव्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वाट्यास तो सर्वांत कमी येतो. एका सकाळच्या फेरीत हे खपून जाते. देश ओलांडावयास निघालेल्या तांड्यात मात्र हाच क्रम महिना-महिना चालतो, आणि शेवटी एका गावी तो मुलगा गाडीत सायकल टाकून घरी परततो तेव्हा त्याच्या अंगात ताकद नव्हती असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. त्याची ताकद आपण टपरीटपरीवर वसूल केलेली असते, हे कोणाच्या दप्तरात नोंदले जात नाही.

आता आपल्या मराठी मुलुखाने ज्याचा सार्थ अभिमान बाळगावा असा प्रवास पाहा. १९८४ हे साल देशाने कसे काढले आणि आमच्या भिवंडीने त्या वर्षीच्या मे महिन्यातील दंगलीत काय पाहिले, हे सांगत बसत नाही. त्यानंतरच्या वर्षी, डिसेंबर १९८५मध्ये, बाबा आमटे यांच्या 'भारत जोडो' अभियानात कन्याकुमारीहून ११६ तरुण, त्यांत १६ तरुणी, सायकलींवरून काश्मीरकडे निघाले. बाबांचा जन्म १९१४चा, म्हणजे वय सत्तरीपलीकडचे. त्यात पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांचे बसणेच बंद केलेले, उभे राहावे किंवा आडवे व्हावे एवढीच मुभा त्या देहाने त्यांना ठेवलेली. तेव्हा ज्याच्या शब्दाखातर शंभरावर तरुण घर सोडून निघाले होते, त्यास स्वतःस सायकलीच्या बैठकीवर क्षणभरही टेकता येत नव्हते, आणि तो गाडीत आडवा पडून तांड्याच्या सोबत चालला होता. ज्या कुष्ठरोग्यांना समाजाने 'येतील मागून' एवढेही म्हणण्याची तसदी घेतली नव्हती, त्यांच्यासह वरोऱ्याच्या माळावर आनंदवन वसविणाऱ्या माणसाने असा तांडा काढावा, यात मला मोठी संगती दिसते. तांड्यातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या हाती तांड्याचे नेतृत्व! याहून अधिक मी काय सांगू?

आणि अंतर ध्यानात घ्या. आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगरहून कन्याकुमारीपर्यंत ३,७४५ किलोमीटर आहे. 'भारत जोडो'च्या पहिल्या प्रवासाची नोंद ५,०४२ किलोमीटरांची आहे. सरळ वाटेहून बाराशे-तेराशे किलोमीटर अधिक तुडविले, याचा अर्थ तांडा आडवळणे घेत, गावे आणि माणसे गाठीत गेला. लवकर पोहोचणे हा त्याचा हेतूच नव्हता. अलीकडे हाच मार्ग किती दिवसांत कापला याच्या पैजा लागतात. एकट्या-दुकट्याने खुशाल लावाव्यात, माझी हरकत नाही; पण शंभर जणांनी पैज लावली की तीत मागच्याचा बळी ठरलेला, म्हणून समूहाने पैजेच्या वाटेस जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

भिवंडीच्या माणसास उपमा सुचावयाची ती यंत्रमागाचीच, तेव्हा ती सहन करून घ्यावी. १९८५चा प्रवास दक्षिणोत्तर झाला. पुढे १९८८मध्ये बाबांनी दुसरा तांडा पूर्वेकडून पश्चिमेस नेला, अरुणाचलातील इटानगरहून सौराष्ट्राच्या टोकाशी असलेल्या ओख्यापर्यंत, ७,५४६ किलोमीटर, १०० तरुण आणि २५ तरुणी. आमच्याकडच्या कोणत्याही कारागिरास या दोन रेषा नकाशावर दाखवा, तो सांगेल की आधी ताणा लावला आणि मग बाणा भरला. आनंदवनातही माग चालतात, त्यामुळे ही गोष्ट बाबांच्या नजरेतून सुटली असेल असे मला वाटत नाही. परंतु मला उपमेचा जो भाग हवा आहे तो याच्या पुढचा. आमचे बहुतेक माग साध्या बनावटीचे. त्यांत आडव्या सुताची कांडी संपली किंवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. पण ताण्यातली, म्हणजे उभी, एखादी तार तुटली तर माग थांबत नाही. तो त्याच खडखडाटात चालत राहतो, कापड विणले जात राहते, मीटरामागून मीटर गुंडाळले जाते, आणि त्या सबंध लांबीत एक बारीक फट उमटत जाते. एकेका कारागिराकडे चार-चार, सहा-सहा माग. त्याचा डोळा वेळीच त्या तारेवर गेला, त्याने माग थांबवून गाठ मारली, तर ठीक. नाही तर ती फट दिसते ती थेट तपासणीच्या टेबलावर, आणि मग मजुरी कापली जाते. सायकलींचा तांडा हा असा साधा माग आहे. पुढचा कोणी पडला तर सगळे आपोआप थांबतात, कारण रस्ताच अडतो. मागचा तुटला तर काहीच अडत नाही. म्हणून तेथे कोणाचा तरी डोळा हवा. ही उपमा याहून अधिक ताणीत नाही, नाहीतर तिचीच तार तुटावयाची.

प्रवास पुरा करणाऱ्यांचीच नावे तेवढी आपण घेतो, हीही त्याच फटीची एक तऱ्हा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १८ मार्च १९२८ रोजी तिघे परतले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा ही त्या तिघांची नावे, आणि त्यांच्या पराक्रमापुढे आपण सर्वांनी मान लववावी. परंतु उरलेले तिघे, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कपाडिया, हेही त्याच दिवशी, त्याच धैर्याने, घरच्यांचा तसाच निरोप घेऊन निघाले होते. ते वाटेत वेगळे झाले यात कोणाचा दोष होता असे मी सुचवीत नाही. प्रत्येकाची कारणे प्रत्येकापाशी. माझे म्हणणे एवढेच की नावे घ्यावयाची तर सहाही घ्यावीत, आणि निदान आज या ध्वनिक्षेपकावरून ती घेतली गेली.

हा माणूस सायकलींवर बोलावयास आला की तत्त्वज्ञान सांगावयास, अशी शंका एव्हाना काही श्रोत्यांस आली असेल. तर गावचाच दाखला देतो. १९७० आणि १९८४ या दोन्ही दंगलींच्या वेळी आमच्याकडे शांतता समित्या असत, आणि त्यांत गावातील पुढारी, वजनदार आणि प्रतिष्ठित मंडळी, म्हणजे तांड्याची बिनी, असे. १९८८मध्ये, बाबांचा दुसरा प्रवास निघाला त्याच साली, पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभारल्या, त्या गल्लीबोळातील सामान्य हिंदू-मुसलमान माणसांच्या, आणि त्यांच्या बैठका काही घडले नसतानाही होत राहिल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, आणि जिच्याविषयी सर्वांस धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली. मागच्या माणसाकडे आधी पाहण्याचा हा हिशेब होता असे मी समजतो. 

हिवाळा तोंडावर आहे आणि कोकणमार्गे दक्षिणेस जाणाऱ्या जथ्यांची तयारी सुरू झाली असेल. त्यांच्यासाठी तजवीज सांगतो, आणि ती पुनःपुन्हा सांगतो कारण ती उलटी वाटते. सर्वांत मंद चालणाऱ्यास पुढे घाला. वारा त्यास लागेल खरा, पण वेग त्याचा राहील; बाकीच्यांनी त्याच्या मागे. सर्वांत बळकट गड्यास सर्वांत मागे ठेवा. मराठ्यांच्या फौजेत चंदावलीस कच्ची माणसे नेमीत नसत, पिछाडी सांभाळणे हे मानाचे काम होते. टपरीवर पोहोचल्यावर विसाव्याचे घड्याळ पहिला आला तेव्हापासून धरू नका, शेवटचा आला तेव्हापासून धरा, आणि शेवटच्याचा चहा झाल्यावाचून कोणी सायकलीस हात लावू नये. पोरांनो, एवढे ऐका. मंद चालणारा पुढे, बळकट गडी मागे. पुन्हा सांगतो, बळकट गडी मागे. हा मागचा गडी रोज बदलावा की सबंध प्रवासभर एकच असावा याविषयी दोन मते आहेत. माझे मत रोज बदलावा असे आहे, कारण चांगल्यात चांगल्या माणसालाही सतत मागे राहून कंटाळा येतो, आणि शिवाय... असो, खिडकीपलीकडून बोट दाखविले जात आहे. हवा भरण्याचा पंप आणि पंक्चरचे सामान त्या मागच्या गड्यापाशी द्यावे. सुटी ट्यूब प्रत्येकाने आपापली ठेवावी, आणि ती आपल्याच चाकाच्या मापाची आहे हे घरीच पाहून घ्यावे.