रीस्टार्टच्या आधी
(घनसावंगी येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

लिनक्सवर चालणारा सर्व्हर अडकला की बहुतेक ठिकाणी पहिला हात पॉवरच्या बटणाकडे जातो. मशीन बंद करून चालू केले जाते, काम सुरू होते आणि बिघाडाचे कारण त्याच क्षणी पुसले जाते. चालू असलेल्या प्रोसेस, उघड्या फाइली, नेटवर्कच्या जोडण्या, कर्नलचे ताजे संदेश ही सगळी माहिती रॅममध्ये असते आणि रीस्टार्टनंतर त्यातले काही उरत नाही. म्हणून सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरने सर्वांत आधी लिहायची स्क्रिप्ट बॅकअपचीसुद्धा नव्हे, तर पुरावा गोळा करणारी असावी, असे इथे मांडायचे आहे.

डिरेक्टरी, परवानग्या, पाइप, ग्रेप यांची ओळख श्रोत्यांना आहे असे धरले आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि बॅशचे पाठ मराठीतही आहेत. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक असो की घनसावंगीतल्या एखाद्या लॅबमधला जुना पीसी, कमांड त्याच चालतात.

पुराव्याच्या स्क्रिप्टमध्ये फार काही नसते. तारीख आणि अपटाइम, मेमरी, डिस्कची जागा आणि आयनोड, सीपीयू व मेमरी खाणाऱ्या प्रोसेसची यादी, उघडे पोर्ट, कर्नलचे शेवटचे संदेश आणि जर्नलमधल्या चुकांच्या नोंदी, एवढ्याच कमांड एकाखाली एक लिहायच्या. मात्र त्या लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, प्रत्येक कमांडला ‘टाइमआउट’ लावणे. नेटवर्कवरून जोडलेली डिस्क मेली असेल तर जागा दाखवणारी ‘डीएफ’ स्वतःच लटकते आणि तिच्यामागे पूर्ण स्क्रिप्ट लटकते. अशी प्रोसेस साध्या सिग्नलने हटत नाही, टाइमआउटला ‘किल’ सिग्नल सांगावा लागतो. दुसरी, निकाल कुठे लिहायचा ते आधीच ठरवणे. डिस्क भरल्यामुळेच मशीन अडकले असेल तर त्याच डिस्कवर फाइल तयार होणार नाही. निकाल रॅममधल्या तात्पुरत्या डिरेक्टरीत लिहावा आणि लगेच एसएसएचने दुसऱ्या मशीनवर पाठवावा.

डिस्क भरण्याचा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. ‘डीएफ’ सांगते, डिस्क शंभर टक्के भरली. ‘डीयू’ने सगळ्या डिरेक्टरी मोजल्या तर बेरीज निम्मीसुद्धा होत नाही. उरलेली जागा गेली कुठे? मोठी लॉग फाइल काढून टाकली गेलेली असते, पण ती लिहिणारी प्रोसेस अजून चालू असते. फाइलचे नाव गेले तरी प्रोसेसने ती धरून ठेवली आहे तोवर जागा मोकळी होत नाही. ‘एलएसओएफ’ला लिंकसंख्या शून्य असलेल्या उघड्या फाइली मागितल्या की प्रोसेसचा क्रमांक आणि फाइलचा आकार दोन्ही समोर येतात. ‘प्रोक’मधल्या त्या प्रोसेसच्या डिरेक्टरीतून ती फाइल रिकामी करता येते, काहीच बंद करावे लागत नाही. इथे रीस्टार्ट केले असते तरी जागा मोकळी झालीच असती. पण लॉग फाइली बदलत राहणाऱ्या ‘लॉगरोटेट’ने फाइल बदलल्यावर त्या सेवेला नवी फाइल उघडायला सांगितले जात नाही, हे खरे कारण कळले नसते आणि काही आठवड्यांनी डिस्क पुन्हा भरली असती.

“लाइटच गेली तर पुरावा कसला गोळा करायचा?” या प्रश्नावर सभागृहात हशा पिकला, पण प्रश्न नेमका आहे. जिथे भारनियमन आहे तिथे रीस्टार्ट कुणाला विचारून होत नाही. त्यामुळे तिथे जर्नल डिस्कवर टिकते की नाही हे पहिल्या दिवशीच तपासावे. सिस्टिमडीच्या बहुतेक आवृत्त्यांच्या मूळ मांडणीत ‘व्हार-लॉग’मध्ये ‘जर्नल’ नावाची डिरेक्टरी असेल तरच नोंदी डिस्कवर कायम राहतात. ती नसेल तर त्या रॅममध्येच असतात आणि लाइटबरोबर जातात. डिरेक्टरी असली तरी साध्या नोंदी मूळ मांडणीत दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या केल्या जातात, म्हणून हे अंतर कमी करून घ्यावे. मग ‘जर्नलसीटीएल’ला मागच्या बूटच्या नोंदी मागता येतात. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा बटण सेल संपलेला असतो. लाइट आल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते, सुरक्षित वेबसाइट उघडताना ब्राउझर प्रमाणपत्राची तारीख चुकल्याचे सांगतो आणि ‘नेट बंद आहे’ अशी तक्रार येते. तेव्हा राउटर बदलायच्या आधी ‘डेट’ ही कमांड चालवून पाहावी.

घड्याळाचा विषय निघाला आहे तर २०१२ चा प्रसंग सविस्तर सांगायला हवा. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी जागतिक वेळेत ३० जून २०१२ च्या अखेरीस एक लीप सेकंद वाढवला गेला. भारतात तेव्हा १ जुलैच्या पहाटेचे साडेपाच वाजत होते. लिनक्स कर्नलने घड्याळ एक सेकंद मागे घेतले, पण सूक्ष्म टायमर सांभाळणाऱ्या भागाला ते कळवले गेले नाही. तो भाग एक सेकंद पुढेच राहिला. परिणामी सेकंदापेक्षा कमी वेळ थांबायला सांगितलेला प्रोग्रॅम न थांबता ताबडतोब जागा होई, पुन्हा थांबायला जाई, पुन्हा जागा होई. जावावर आणि मायएसक्यूएलवर चालणाऱ्या सेवांचे सीपीयू असे फुकट फिरू लागले. रेडिट, लिंक्डइन, मोझिला यांना फटका बसला. ऑस्ट्रेलियात क्वांटासची आरक्षणव्यवस्था कोलमडून विमाने रखडली. जर्मनीतल्या हेट्झनर या कंपनीने आपल्या डेटा सेंटरमधला वीजवापर साधारण एक मेगावॅटने वाढल्याचे ग्राहकांना कळवले.

या प्रसंगात नुसती सेवा बंद करून चालू केली तरी सीपीयू शांत होत नव्हता. पूर्ण मशीन रीस्टार्ट केले की होत होता, म्हणून असंख्य मशीन रीस्टार्ट झाली. ज्यांनी आधी पाहिले, त्यांच्या लक्षात आले की सगळ्या मशीनचा त्रास एकाच मिनिटाला सुरू झाला आणि ते मिनिट लीप सेकंदाचे होते. त्यांचा उपाय एका ओळीचा निघाला. घड्याळात जी वेळ आहे तीच ‘डेट’ कमांडने पुन्हा लावायची. वेळ लावली की कर्नल टायमरला बदल कळवतो आणि गाठ सुटते.

रीस्टार्टआधी पुरावा गोळा करण्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो या सभागृहातही आला. गाळप हंगामात काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, सेतू केंद्रावर दाखल्यासाठी मुले उभी असतात. अशा वेळी तपास करत बसायचे का? तपास नंतर करावा, नोंद आधी करावी. दहा कमांड आणि प्रत्येकीला दहा सेकंदांची मर्यादा धरली, तर सगळ्या लटकल्या तरी शंभर सेकंदांत स्क्रिप्ट संपते. त्यानंतर रीस्टार्ट करायला हरकत नाही. गारपिटीनंतर शेत साफ करण्याआधी पंचनामा व्हावा लागतो, तसेच हे आहे.

आता स्क्रिप्ट स्वतःच नुकसान करते त्याविषयी. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील स्टीम या गेम पुरवणाऱ्या प्रोग्रॅममधला दोष उघड झाला. त्याच्या स्क्रिप्टमध्ये एका व्हेरिएबलमधल्या डिरेक्टरीखालचे सगळे पुसण्याची ओळ होती. काही परिस्थितीत ते व्हेरिएबल रिकामे राही आणि मुळापासूनच्या सगळ्या फाइली पुसायला सुरुवात होई. त्या ओळीवर लिहिणाऱ्याने ‘स्केअरी!’ अशी टीपही ठेवली होती. रिकाम्या किंवा न ठरवलेल्या व्हेरिएबलवर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे. बॅशमध्ये प्रश्नचिन्हाच्या रूपाने ती सोय आहे आणि पुसणाऱ्या प्रत्येक ओळीत ती वापरावी.

व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे नसतील तर ‘जांब समर्थ’ या नावाचे फोल्डर शेलला ‘जांब’ आणि ‘समर्थ’ अशी दोन नावे दिसतात. देवनागरी नावांना आणखी एक मर्यादा आहे. युटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, काना-वेलांटी-अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘घनसावंगी’ला अशी आठ चिन्हे, म्हणजे चोवीस बाइट लागतात. ईएक्सटी-४ वर फाइलचे नाव २५५ बाइटांपर्यंतच असू शकते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. अर्जदाराचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि दाखल्याचा प्रकार फाइलच्या नावात घालणारी स्क्रिप्ट इथे अडते.

हाताने नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये चालत नाही याचे कारण बहुधा पाथ असते. क्रॉनला मोजक्याच डिरेक्टरी माहीत असतात, म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह नव्या ओळीसारखे वाचले जाते, त्यामुळे तारखेचे नाव देणारी ओळ मध्येच तुटते. त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी. सर्व्हर यूटीसीवर असेल तर रात्री दोनचा बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो.

वेळ संपत आल्याने नेटवर्कच्या तपासणीचा इथे फक्त क्रम. आधी केबल आणि लिंक, मग आयपी, मग गेटवे, मग बाहेरचा एखादा आयपी, त्यानंतर डीएनएस आणि शेवटी पोर्ट व फायरवॉल.

पुराव्याची स्क्रिप्ट मशीन धडधाकट असतानाही रोज एकदा चालवावी. लोड आठ असणे त्या मशीनसाठी नेहमीचे आहे की नाही, हे चांगल्या दिवसाच्या नोंदीशी ताडूनच कळते. लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही धरल्या जातात, त्यामुळे सीपीयू मोकळा असूनही आकडा चढलेला दिसू शकतो. जुन्या नोंदी ‘फाइंड’ने वयानुसार काढाव्यात. त्या ओळीत ‘डिलीट’ हा पर्याय सर्वांत शेवटी लिहावा. तो आधी आला तर वय तपासण्यापूर्वीच फाइंड सगळ्या नोंदी पुसून टाकते.