उंबरठ्यावरून परत फिरता येते

(एका वसंत व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयासाठी वास्तविक एखाद्या डॉक्टरांना पाचारण करायला हवे होते. मी कला शाखेचा पदवीधर, आयुष्य वृत्तपत्रांत गेले. परंतु डॉक्टरांची भाषा घराघरांत पोहोचवण्याचे काम पत्रकाराचे आहे, असे संयोजकांचे म्हणणे पडले. औषधांविषयी मी एक शब्दही बोलणार नाही. ते ज्याच्या त्याच्या वैद्याने सांगावे. मला बोलायचे आहे ते औषध सुरू होण्यापूर्वीच्या काळाविषयी.

रक्ततपासणीचा कागद डॉक्टरांपुढे जातो. ते त्यावर नजर फिरवतात आणि म्हणतात, ‘‘बॉर्डरलाइन आहे, गोड कमी करा.’’ दोन मिनिटांत भेट संपते. घरी आल्यावर आपण सांगतो, ‘‘विशेष काही नाही, थोडी साखर आहे.’’ आठ दिवस चहा बिनसाखरेचा होतो, नवव्या दिवशी कोणाची तरी मुंज असते आणि पुढच्या तपासणीपर्यंत दोन-तीन वर्षे निघून जातात.

‘थोडी साखर’ म्हणजे नेमके काय? उपाशीपोटी रक्तातील साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा तीन महिन्यांच्या सरासरीची जी ‘एचबीएवनसी’ नावाची तपासणी असते तीत ५.७ ते ६.४ टक्के. यांपैकी एक जरी आढळले, तरी ती मधुमेहपूर्व अवस्था समजतात. (उपाशीपोटीची खालची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना ११० मानते, तज्ज्ञांत मतभेद असतात.) या अवस्थेत दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे तिच्याकडे पाहण्याची निकड वाटत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशभर टप्प्याटप्प्याने एक पाहणी झाली. तिचे एकत्रित निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २० वर्षांवरील भारतीयांपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज त्यात आहे. मधुमेहपूर्व अवस्थेतील माणसे त्याहून अधिक निघाली : १५.३ टक्के, सुमारे १३ कोटी ६० लाख. पहिल्या आकड्याचे मथळे झाले, दुसरा आतल्या पानावर गेला. माझ्याच व्यवसायाविषयी बोलतो आहे. वास्तविक बातमी दुसऱ्या आकड्यात होती, कारण ही माणसे उंबरठ्यावर उभी आहेत आणि त्यांतील पुष्कळांना तेथून परत फिरता येते.

हे मी आशावादाने म्हणत नाही. चीनमधील दाचिंग या शहरात १९८६ मध्ये अशा ५७७ जणांना निवडून काहींना आहाराचा, काहींना व्यायामाचा, तर काहींना दोन्हींचा सल्ला सहा वर्षे देण्यात आला. ज्यांना नुसते नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यातील दोनतृतीयांश माणसे त्या काळात मधुमेही झाली; सल्ला मिळालेल्या गटांत हे प्रमाण ४१ ते ४६ टक्क्यांपर्यंत राहिले. या माणसांचा मागोवा ३० वर्षे घेतला गेला. २०१९ मधील निष्कर्ष सांगतो की, सल्ला मिळालेल्यांना मधुमेह सरासरीने सुमारे चार वर्षे उशिरा गाठतो आणि हृदयविकार-पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. फिनलंड (२००१) आणि अमेरिका (२००२) येथील अभ्यासांत मधुमेह होण्याचा धोका तब्बल ५८ टक्क्यांनी कमी झाला. अमेरिकेत एका गटाला त्याच कामासाठी गोळी दिली होती. तिला ३१ टक्क्यांवर थांबावे लागले.

यावर कोणी म्हणेल, तिकडचे लठ्ठ लोक वजन उतरवून बरे झाले, आमचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर चेन्नईत आहे. तेथे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच वर्षांत, सल्ला न मिळालेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. आहार-विहाराचा सल्ला मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. सल्ल्याच्या जोडीला गोळी दिली, तरी लाभात भर पडली नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, या लोकांचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते. म्हणजे काटा हलला नाही म्हणून निराश होऊन सारे सोडून देणाऱ्यांनी हा अभ्यास ध्यानात ठेवावा.

असे का व्हावे, याचा एक धागा आपल्या पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या आपल्या एका सहकारी डॉक्टरांबरोबर स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातील चरबी त्या इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! हातपाय सडपातळ, स्नायू बेताचे आणि चरबी पोटाशी दडलेली, अशी आपली ठेवण. ‘मी कुठे जाडा आहे?’ हा युक्तिवाद म्हणून आपल्याकडे चालत नाही. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते : पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या वर गेली की, सावध व्हावे.

येथे आपल्या ग्रंथांची आठवण होणे स्वाभाविक आहे. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख येतो. ‘आमच्याकडे हे सारे आधीच होते’ असे म्हणून मला टाळ्या घेता येतील. परंतु मग, ठाऊक असूनही आपण या यादीत एवढे वर कसे, याचे उत्तरही द्यावे लागेल. माहिती असणे आणि ती जेवणाच्या ताटात उतरणे, यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर कापण्याच्या कामालाच समुपदेशन म्हणतात.

अमेरिकेतील अभ्यासात प्रत्येक माणसामागे एक मार्गदर्शक होता आणि पहिल्या २४ आठवड्यांत त्याच्याबरोबर १६ पाठ व्हायचे. फिनलंडमध्ये पहिल्या वर्षी आहारतज्ज्ञाच्या सात भेटी, नंतर दर तीन महिन्यांनी एक. आता याच्याशेजारी आपली ती दोन मिनिटे ठेवून पाहा. दोष डॉक्टरांना देता येत नाही. बाहेर ४० माणसे खोळंबलेली असतात. तथापि, एकदा सांगितलेली गोष्ट म्हणजे सल्ला नव्हे, ती सूचना झाली. काय जमले, काय जमले नाही, सासरी गेल्यावर काय झाले, रात्रपाळीत काय खाल्ले, हे पुन्हा पुन्हा विचारणारे कोणीतरी लागते.

फिनलंडच्या माणसांना पाच उद्दिष्टे दिली होती. वजन, एकूण स्निग्ध पदार्थ आणि घट्ट चरबी ही तीन कमी करायची. व्यायाम आणि चोथा, म्हणजे अन्नातील तंतुमय भाग, ही दोन वाढवायची. ज्यांनी चार किंवा पाच उद्दिष्टे गाठली, त्यांतील एकालाही त्या अभ्यासाच्या काळात मधुमेह झाला नाही. आपल्याकडील सल्ला मात्र नुसता वजाबाकीचा असतो. हे सोडा, ते बंद. सोडलेल्या पदार्थाची रिकामी जागा कशाने भरायची, हे कोणी सांगत नाही. मग माणूस पेढा सोडतो आणि दोन पोळ्या जास्त खातो.

आपल्या ताटाचा हिशेब मांडून पाहू. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे त्याच राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२५ मध्ये दिसून आले. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भात, चार वाजता चहा-बिस्किटे, रात्री पुन्हा पोळी किंवा मुगाची खिचडी. आणि भाजी कोणती, तर बटाट्याची. पोटभर जेवण, पण शरीराला हवे ते त्यात थोडेच. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते जेमतेम १५ ते २० ग्रॅम, म्हणजे प्रथिने तीन-चार ग्रॅम. ‘आम्ही रोज वरण खातो’ याचा अर्थ एवढाच! उलट मूठभर मटकीची उसळ सहा-सात ग्रॅम देते, एक अंडे सहा, मूठभर शेंगदाणे सात. शाकाहारी मंडळींनी बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्यावी. ते वनस्पतिजन्य अन्नात नसते आणि आपल्याकडे त्याची कमतरता सर्रास आढळते.

जुन्या जाणत्यांना ताटाची डावी आणि उजवी बाजू ठाऊक आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये अन्न. आपण डावी बाजू आक्रसून लोणच्याच्या फोडीवर आणली आणि मधला ढीग वाढवला. माझी सूचना एवढीच की, डावी बाजू पुन्हा मोठी करा. काकडी, मुळा, गाजर यांची वाटीभर कोशिंबीर; जवसाची, कारळाची चटणी; उजवीकडे दाट उसळ किंवा पिठले, आणि मेथी, शेपू, अंबाडी अशी एखादी पालेभाजी. या दोन बाजूंनी अर्ध्याहून अधिक ताट भरले की, भात आपोआप मुदीपुरता उरतो. क्रमही थोडा बदलावा. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली, अवघ्या ११ मधुमेहींवरच्या का होईना, प्रयोगात दिसले की, भाजी आणि प्रथिने आधी व पाव नंतर खाल्ला तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढते. आपल्या पंगतीत पहिला मान वरण-भाताचा. घरी तो शेवटी द्यायला हरकत नाही.

भाकरीविषयी थोडे सांगतो, कारण २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून तिचे फार कौतुक चालले आहे. कौतुक योग्य आहे. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम असतात, पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाहीत. नाचणीतील कॅल्शियमची तर तांदळाशी तुलनाच नको. परंतु भाकरीतही पिष्ट आहेच. एका पोळीच्या जागी तीन भाकऱ्या खाल्ल्या तर हिशेब तिथल्या तिथेच राहतो. आणि नाचणीची म्हणून साखर घातलेली बिस्किटे विकली जातात, तो शुद्ध व्यापार आहे.

उपवासाचा साबुदाणा हा तर कसाव्याच्या कंदाचा स्टार्च. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्यात प्रथिने नावापुरती, चोथा जवळजवळ नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच केली आहे. उपवास करणाऱ्यांनी राजगिरा, वरई, ताक, शेंगदाणे, रताळ्याची एखादी फोड असा विचार करून पाहावा. व्रताला बाध येत नाही आणि साखरेची उसळीही कमी होते. चहाचे सांगायचे तर दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. गूळ घातल्याने त्यात फरक पडत नाही.

व्यायामावर फार बोलत नाही, ते सर्वांना पाठ आहे. रक्तातील साखर सर्वांत जास्त ओढून घेतो तो स्नायू. म्हणून चालण्याबरोबर सूर्यनमस्कार, बैठका असे जोर लागणारे काहीतरी हवे. आणि रात्री जेवून लगेच दूरदर्शनसमोर न बसता १५ मिनिटे शतपावली.

आता मुद्दा येतो, सल्ला द्यायचा कोणाला? कागद नवऱ्याच्या नावाचा, दवाखान्यात जातो नवरा, आणि स्वयंपाक करणारी घरी असते! जिच्या हातात मिठा-तेलाचे माप आहे, तिला डॉक्टरांनी काय सांगितले हे नवऱ्याच्या तोंडून, तेही निम्मे, कळते. समुपदेशनाला दोघांनीही जावे, आणि जमेल तेथे नवऱ्यानेही सुरी हातात घेऊन कोशिंबीर चिरावी.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, तिचा स्वतःचा कागद बहुधा नसतोच. ती सर्वांत शेवटी जेवते. तोवर उसळ संपलेली असते, उरतात भात आणि रस्सा. गरोदरपणात जिची साखर वाढली होती, तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या कित्येक पट असतो. बाळंतपणानंतर साखर उतरते, सारे घर बाळात गुंतते आणि ही गोष्ट विसरली जाते. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि मग दरवर्षी, असा दंडक आहे. येथे बसलेल्या सासवांना माझी विनंती आहे की, बाळाच्या लसीच्या तारखांशेजारी ही तारीखही लिहून ठेवावी.

हे सारे करणार कोण, असे विचाराल. आहारतज्ज्ञ गावोगाव नाहीत. परंतु दक्षिण भारतात ५३७ पुरुषांना दोन वर्षे नियमित मोबाइल संदेश पाठवून पाहिले. २०१३ मध्ये निष्कर्ष आला : साध्या सल्ल्याच्या गटात २७ टक्के मधुमेही झाले, संदेशांच्या गटात १८. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १,००७ लोकांच्या एका अभ्यासात सामान्य नागरिकांनाच प्रशिक्षण देऊन गट चालवले गेले. २०१८ चा तो निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगायला हवा : मधुमेहाच्या प्रमाणातील फरक निर्णायक ठरला नाही, मात्र लोकांचे फळे-भाज्या खाणे वाढले. म्हणजे शेजाऱ्याचे ऐकून ताट बदलते, पण तेवढ्याने भागेल असे मानून डॉक्टरांना टाळता येणार नाही.

सुरुवात घरच्या घरी करता येईल. चेन्नईत २००५ मध्ये एक साधी गुणपद्धती तयार झाली. तिच्यात रक्त काढावे लागत नाही. वय, कंबर, रोजचे श्रम आणि आई-वडिलांचा मधुमेह, एवढ्या चारच गोष्टी. वय ५० च्या पुढे ३० गुण, ३५ ते ४९ ला २०. बैठे जीवन ३०. आई किंवा वडील मधुमेही तर १०, दोघेही असल्यास २०. कंबर ठरलेल्या मर्यादेला पोहोचली किंवा ओलांडली तर १०, त्याहून दहा सेंटिमीटर अधिक असल्यास २०. बेरीज १०० पैकी ६० किंवा अधिक झाली, तर रक्त तपासून घ्यावे. टेप दाराशी ठेवली आहे. स्त्रियांसाठी पलीकडच्या खोलीत वेगळी सोय आहे. जाताना प्रत्येकाने आपली बेरीज कागदावर लिहून घरी न्यावी, आणि घरी थांबलेल्यांचीही आज रात्रीच करावी.