वाटीत मावतं किती?

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीकडं काय किंवा एकूण मराठवाड्यात काय, जुनी माणसं अजून पायलीत बोलतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही सगळी भरून मोजायची मापं, तोलायची नव्हेत. १९५६च्या कायद्यानं दुकानात किलो आला. स्वयंपाकघरात वाटी राहिली ती राहिलीच.

आता २०० मिलिलिटरची वाटी घ्या. पाणी भरलंत तर २०० ग्रॅम. तेल साधारण १८०, साखर १७०, ज्वारी दीडशेच्या आसपास. गव्हाचं पीठ मात्र जेमतेम ११०! पिठात हवा फार. चाळून अलगद भरलं तर वजन घटतं, वाटी आपटून भरली तर वाढतं. म्हणून पिठाच्या छापील आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. शेंगदाण्याच्या कुटाचंही तेच, जाडबारीक असेल तसं.

त्यापेक्षा रिकामी वाटी वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, नेहमीच्या हातानं वाटी भरा. आलेला आकडा डब्याच्या झाकणावर लिहून टाका. पन्नास पानांच्या जेवणाची यादी किराणा दुकानात द्यायची असेल, तर वाट्यांना त्या आकड्यानं गुणा. वाटी बदलली, तर मात्र पुन्हा तोला.