इंजिनाचा सांधा घट्ट ठेवा



आज आम्ही तुमच्याशी मोटारीबद्दल बोलणार आहोत. आता गावोगाव गाड्या झाल्या आहेत. कुणाची वडापची जीप आहे, कुणाची जुनी मोटार आहे. आपण गाडी धुतो, चाकात हवा भरतो, ऑईल बघतो. पण इंजिनाला चिकटून एक भाग असतो, तिकडे कुणाचे ध्यान जात नाही. त्याचे नाव मॅनिफोल्ड. नाव अवघड आहे, काम सोपे आहे.

विहिरीचे पाणी पाटाने येते. ते आपण वाफ्यावाफ्यात वाटून देतो. इंजिनातही असेच असते. हवा एका तोंडाने येते आणि फांद्या फुटलेल्या नळीतून एकेका सिलिंडरात जाते. ही नळी म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. आत इंधन जळते, धूर होतो. चार ओहोळ मिळून एक ओढा व्हावा, तसा सगळ्या सिलिंडरांचा धूर दुसऱ्या नळीत एकत्र येतो आणि सायलेन्सरकडे जातो. ही नळी म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड.

या नळ्या इंजिनाच्या हेडला नट-बोल्टांनी आवळलेल्या असतात. सांध्यात एक पातळ पॅकिंग असते. त्याला गॅस्केट असेही म्हणतात. खेकड्याने पाटाला भोक पाडले की पाणी वाटेतच जाते. तसे हे पॅकिंग फाटले की सांधा गळू लागतो.

आता तुम्ही म्हणाल, थोडा धूर गळला तर बिघडलं कुठं? आम्हीही असेच म्हणत होतो. आमची गोष्ट ऐका.

आमच्याकडे पेट्रोलवर चालणारी एक जुनी मोटार होती. एकदा तिचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढावा लागला. मिस्त्री म्हणाला, "पॅकिंग नवीन टाका." आम्ही म्हणालो, "जुनंच बसव की. चार पैसे वाचतील." त्याने आमचे ऐकले. चूक आमची होती.

पुढे पावसाळ्यात एका रात्री आम्ही पाच जण वर्ग आटोपून घरी निघालो. बरोबर बाईंचा लहान मुलगा होता. पाऊस जोराचा होता, म्हणून काचा बंद. घाट लागला. मुलगा म्हणाला, "आई, डोकं दुखतंय." थोड्या वेळाने त्याला उलटी झाली. आम्हाला वाटले, घाटाची वळणे बाधली. आमचीही डोकी जड झाली होती. वाटेत चहाला थांबलो. मोकळ्या हवेत सगळ्यांना बरे वाटले. परत गाडीत बसलो, आणि पुन्हा तेच. मुलगा तर पेंगू लागला, हाक मारली तरी ओ देईना. तेव्हा आमचे डोळे उघडले. गाडी थांबवली, इंजिन बंद केले, दारे उघडली आणि मुलाला बाहेर घेतले. तिथून दुसऱ्या गाडीने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी त्याला प्राणवायू लावला. मुलगा वाचला.

डॉक्टर म्हणाले, "हा विषारी वायूचा परिणाम आहे." त्या वायूचे नाव कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही. आपले रक्त प्राणवायू वाहून नेते. पण हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो. मग अंगाला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, झोप येते. त्या झोपेतच माणूस जातो.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडले. जुने पॅकिंग एका जागी जळून गेले होते. तिथून धूर निघत होता आणि पायांपाशी असलेल्या भोकातून गाडीत शिरत होता. चार पैसे वाचवायला गेलो आणि एक पोर गमावून बसलो असतो.

म्हणून सांधा तपासायला शिका. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करा आणि कान द्या. टक् टक् असा आवाज येतो का? गाडी तापल्यावर तो कमी होतो का? लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतो, तेव्हा ती आधी तापवतो. तापली की ती पसरते, निवली की आवळते. मॅनिफोल्डचेही तसेच. तापून पसरला की फट थोडी बुजते, म्हणून आवाज कमी होतो. पण फट गेलेली नसते. सांध्यापाशी काळी काजळी दिसली तरी समजा, गळती आहे.

इनटेकचा सांधा गळला तर धूर बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. पेट्रोलची गाडी उभ्या जागी कमी-जास्त पळू लागते आणि फुस्स असा आवाज येतो. डिझेलच्या गाडीत फिल्टर चुकवून धूळ आत जाते. ती धूळ पिस्टनच्या रिंगा झिजवते.

आता दुरुस्ती. काम मिस्त्रीकडून करून घ्या, पण उभे राहून बघा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम मॅनिफोल्डवर पाणी कधी ओतू नका, बीड तडकते. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल टाकून वाट पाहा. जोर केला तर स्टड तुटतो. नट सैल करताना बाहेरून मधे या.

भोकांत स्वच्छ फडके घाला, म्हणजे कचरा आत पडणार नाही. दोन्ही तोंडे साफ करा. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर छिन्नीने खरवडू नका, चरे पडतात. मग सरळ पट्टी लावून बघा. मॅनिफोल्ड वाकला असेल तर नुसत्या नव्या पॅकिंगने गळती थांबत नाही. तो मशीनवर सपाट करून घ्यावा किंवा बदलावा.

पॅकिंग नवीनच घाला. एक्झॉस्टला साधा गोंद किंवा सोल्यूशन लावू नका. पाणी १०० अंशांना उकळते. पेट्रोल इंजिनाचा धूर जोरात चालताना ६०० अंशांच्याही वर तापतो. तिथे गोंद कसा टिकेल?

नट आधी हाताने लावा. मग मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळा. एक नट एकदम कचकचून आवळला तर दुसरी बाजू उचलते. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तकात असते. तुम्ही आता वाचायला शिकलात, ते पान उघडून मिस्त्रीला वाचून दाखवा.

काही म्हणतात, नव्या गाड्यांना ही भीती नाही. नव्या गाडीत धूर स्वच्छ करणारे यंत्र असते, हे खरे. पण सांधा त्या यंत्राच्या आधी असतो. तिथे गळलेला धूर स्वच्छ न होताच बाहेर पडतो.

शेवटी एवढे ध्यानात ठेवा. गाडीत एकाहून जास्त माणसांचे डोके दुखू लागले, आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर वळणांना दोष देऊ नका. इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, जो पेंगतो त्याला आधी दवाखान्यात न्या. सांध्याचे काम मग बघा.

त्या रात्री आम्ही हे शिकलो. तुम्ही ते नुसते वाचून शिका, म्हणजे झाले.