वनस्पतींची जोड, औषधांना बळ

(सेलू, जि. परभणी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



लवंग, ओवा आणि दारुहळद यांची ओळख मराठवाड्यातील कोणत्याही घराला करून द्यावी लागत नाही. दाढ दुखू लागली की लवंग आणि पोट दुखू लागले की ओवा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आज विचार करावयाचा आहे तो या वस्तूंतील द्रव्यांकडे विज्ञानाने सोपवू पाहिलेल्या एका नव्या कामगिरीचा.

पाव फुगविणारे किण्व, म्हणजेच यीस्ट, सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्याच दूरच्या कुळातील 'कॅन्डिडा' हे किण्व निरोगी माणसाच्याही तोंडात, आतड्यांत व त्वचेवर असते. एरवी ते निरुपद्रवी असते; परंतु मधुमेह, कर्करोगावरील उपचार, दीर्घकाळ घेतलेली प्रतिजैविके किंवा स्टेरॉइड यांमुळे शरीराचा तोल ढळला की ते डोके वर काढते. तान्ह्या मुलांच्या जिभेवरील पांढरा थर व स्त्रियांच्या जननमार्गातील कंड ही त्याची नेहमीची रूपे होत. रक्तात शिरल्यास मात्र ते प्राणघातक ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बुरशीजन्य रोगांच्या १९ कारकांची प्राधान्य यादी जाहीर केली. तीत 'कॅन्डिडा अल्बिकन्स' आणि २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम नोंदले गेलेले 'कॅन्डिडा ऑरिस' यांना सर्वांत गंभीर गटात स्थान मिळाले.

या शत्रूविरुद्धची शस्त्रे थोडीच आहेत, आणि त्याचे कारण उघड आहे. जीवाणूंची पेशी मानवी पेशीहून फार वेगळी असते. किण्वाची पेशी मात्र मानवी पेशीशी पुष्कळशी मिळतीजुळती असते. साहजिकच किण्वाला मारील व माणसाला अपाय करणार नाही, असे औषध शोधणे कठीण जाते. या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक मिळविले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव कायमचे कोरले गेले आहे.

१९९० च्या सुमारास प्रचारात आलेले 'फ्लुकोनॅझोल' हे या रोगावरील नित्याचे औषध. किण्वाच्या पेशीचे आवरण घडविण्यास लागणारे 'अर्गोस्टेरॉल' हे द्रव्य तयार होऊ न देणे, हे त्याचे कार्य. परंतु किण्वही स्वस्थ बसत नाही. पेशीत शिरलेले औषध ते पंपाप्रमाणे बाहेर फेकते. तसेच कवळी किंवा शरीरात बसविलेली नळी यांवर असंख्य पेशींचा चिवट थर रचते. या थराला जैवपटल म्हणतात. पक्व जैवपटलावर फ्लुकोनॅझोलची मात्रा जवळजवळ निष्प्रभ ठरते.

येथेच वनस्पतींची जोड उपयोगी पडेल काय, हा प्रश्न नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात हाती घेण्यात आला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात परभणी जिल्हाही येतो. तेथील जीवशास्त्र संकुलात प्रा. एस. मोहन करुप्पायिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल आणि पानओव्यासारख्या वनस्पतींतील कार्व्हाक्रॉल यांची फ्लुकोनॅझोलशी सांगड घालून पाहिली. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आखलेल्या खळग्यांत एका दिशेने औषधाचे व दुसऱ्या दिशेने वनस्पतिद्रव्याचे प्रमाण बदलत नेले, की कोणत्या घरात किण्वाची वाढ थांबते ते कळते.

दोन्ही द्रव्ये एकत्र दिल्यावर प्रत्येकाची एकट्याने लागणाऱ्या मात्रेच्या एक-अष्टमांश मात्रा पुरली, तर दोहोंची बेरीज ०.२५ येते. ही बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी असल्यास दोघे परस्परांचे बळ वाढवितात, असे मानले जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जैवपटल तयार होण्यास अटकाव करताना युजेनॉल-फ्लुकोनॅझोल जोडीची बेरीज ०.२५ आली. कार्व्हाक्रॉलनेही चांगली साथ दिली. थायमॉलची जोड मात्र निरुपयोगी ठरली, आणि आधीच पक्व झालेल्या जैवपटलावर केवळ कार्व्हाक्रॉलच उपयोगी पडले. त्यापूर्वी २००६ मध्ये चिनी संशोधकांनी, फ्लुकोनॅझोलला दाद न देणाऱ्या किण्वावर दारुहळदीतील बर्बेरिनची जोड परिणामकारक ठरते, असे दाखविले होते. युजेनॉल व कार्व्हाक्रॉल यांसारखी द्रव्ये किण्वाचे आवरण खिळखिळे करतात आणि त्यामुळे औषधाचे काम सुकर होते, असे याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते.

तथापि, या यशाचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. हे प्रयोग काचपात्रांतील आहेत; रुग्णांवरील नाहीत. खळग्यात परिणामकारक ठरलेले प्रमाण रक्तात सुरक्षितपणे साधता येईल की नाही, याचा निर्णय प्राण्यांवरील व त्यानंतर माणसांवरील रीतसर चाचण्यांनीच होऊ शकेल. म्हणून कोणी लवंगेचे तेल बाळाच्या जिभेला किंवा नाजूक भागाला लावू नये. शुद्ध तेलाने त्वचा भाजते आणि ते लहान मुलाच्या पोटात गेल्यास यकृताला इजा होऊ शकते. स्वयंपाकातील लवंग वेगळी आणि तिचा अर्क वेगळा.

औषधांची धार टिकविणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बुरशीनाशक गोळ्या घेऊ नयेत. सुरू केलेला उपचार बरे वाटताच अर्धवट सोडू नये. स्टेरॉइडमिश्रित मलमे दुकानातून परस्पर आणून लावू नयेत. तक्रार पुनःपुन्हा उद्भवत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि कोणते किण्व आहे, ते कोणत्या औषधाला दाद देते, याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. कवळी वापरणाऱ्यांनी ती रात्री काढून स्वच्छ करावी.

सेलूच्या महाविद्यालयांत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी या विषयात मोठे क्षेत्र खुले आहे. परिसरातील वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद, त्यांतील द्रव्यांचे पृथक्करण आणि काटेकोर चाचणी यांसाठी चिकाटीच्या कार्यकर्त्यांची गरज आहे. आजीबाईच्या बटव्यातील अनुभव हा संशोधनाचा आरंभ आहे. त्याला प्रयोगाची कसोटी लागली, तरच तो रुग्णाच्या उशाशी विश्वासाने ठेवता येईल.